मुक्या वस्तूंचा दुभाषी

३० डिसेंबर १८०३ रोजी वऱ्हाडातील सुर्जी-अंजनगाव येथे एक तह झाला. एका बाजूस दौलतराव शिंद्यांचे वकील होते, तर दुसऱ्या बाजूस इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली होता. त्याआधी २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई मराठ्यांनी गमावली होती व १५ डिसेंबरला गाविलगड इंग्रजांच्या हाती पडला होता. या तहाने गंगा-यमुनांमधील दुआब, भडोच आणि अहमदनगरचा किल्ला शिंद्यांच्या हातून गेला.

मुलांनो, गाविलगडाचे बुरूज आजही दिसतात. तह मात्र डोळ्यांना दिसत नाही. शिवाय बुरूज दिसले, तरी ते स्वतः बोलत नाहीत. त्यांना बोलते करणे हे संग्रहालयाच्या अभिरक्षकाचे आणि स्थळदर्शकाचे काम होय.

हे काम वाटते तितके सोपे नाही. वस्तू कोठे सापडली, केव्हा व कोणाकडून आली, याची नोंद प्रथम करावी लागते. नोंद हरवली की तलवारीचे केवळ लोखंड उरते. मग रक्षण येते. प्रखर उजेडाने वस्त्राचा रंग उडतो, दमट हवेने लोखंड गंजते, कसर कागद कुरतडते.

परंतु खरी कसोटी पुढेच असते. जुनी तलवार पाहून प्रेक्षक उत्सुकतेने विचारतो, "ही कोणा थोर वीराची?" एखादे मोठे नाव सांगितले, तर तो आनंदाने जाईल. तरीही पुरावा नसल्यास प्रामाणिक अभिरक्षक पाटीवर लिहितो, 'वापरणारा अज्ञात.' दंतकथा तो दंतकथा म्हणूनच सांगतो, आणि पराभवाला पराभवच म्हणतो. जेत्यांचे कागद एक बाजू सांगतात. म्हणून तो पराभूतांचे कागदही धुंडाळतो.

नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ साली स्थापन झाले. लोक त्याला 'अजब बंगला' म्हणू लागले. अजब वाटणे ही ज्ञानाची पहिली पायरी. समजून घेणे ही दुसरी. पुण्याच्या दिनकर केळकरांनी तर घरोघरचे दिवे व अडकित्ते जमवून दाखवून दिले की, इतिहास केवळ राजवाड्यांत नसतो.

तुमच्या घरीही एखादा जुना अडकित्ता असेल. तो कोणाचा, कोठून आला, हे आजीला विचारा आणि लिहून ठेवा. सांगणारे माणूस आहे, तोवरच ही नोंद होऊ शकते.

स्वाध्याय
१. सुर्जी-अंजनगावच्या तहाने शिंद्यांनी काय गमावले?
२. 'नोंद हरवली की तलवारीचे केवळ लोखंड उरते,' असे का म्हटले आहे?
३. घरातील एका जुन्या वस्तूसाठी पाच ओळींची पाटी लिहा.