शीआन : माती आणि ग्रंथ

चीनमधील शीआन नगरीची तीन दिवसांची मार्गदर्शित सहल आम्ही केली. तांग राजवटीची राजधानी चांगआन ती हीच. इतिहासाच्या विद्यार्थ्यास येथे दोन वास्तू विचार करावयास लावतात.

पहिली, सम्राट चिन शी ह्वांगच्या समाधीजवळील मृण्मय सेना. १९७४ मध्ये विहीर खोदणाऱ्या शेतकऱ्यांना तिचा शोध लागला. हजारो सैनिक एका मृत राजाच्या रक्षणार्थ भूमीत उभे! ते पाहण्यास आम्हांस अर्धा दिवस मिळाला.

दुसरी वास्तू मोठा रानहंस पॅगोडा. तेथे मिळाला केवळ अर्धा तास. इ.स. ६५२ मध्ये प्रथम उभारलेल्या या विटांच्या वास्तूचा हेतू ग्रंथ व मूर्ती जपणे हा होता. नालंदेत अध्ययन केलेले भिक्खू ह्युएन त्संग इ.स. ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन चांगआनला परतले आणि आयुष्याची उर्वरित वर्षे त्यांनी भाषांतरात वेचली. महाराष्ट्राचे वर्णनही त्यांनी लिहून ठेवले आहे. पुढे नालंदा उद्ध्वस्त झाली. भारतात लुप्त झालेले कित्येक बौद्ध ग्रंथ आज चिनी भाषांतरांतूनच वाचावयास मिळतात.

सेनेने राजाचे शव राखले. एका विद्यार्थ्याने आपला वारसा राखला. ज्यांच्या पूर्वजांना अक्षर नाकारले गेले, त्यांनी हा भेद विसरता कामा नये. आपल्या घरांतील पेटीत चळवळीची जुनी पत्रके, वह्या, छायाचित्रे असतील. वाळवी लागण्यापूर्वी ती शाळेच्या ग्रंथालयात आणून द्यावीत, ही माजी विद्यार्थ्यांस व पालकांस आमची विनंती.