पिन कोडचा नियम कोठे लिहावा? : जँगो प्रणालीत स्वतःचा वर्ग जोडण्याविषयी

टपालाच्या पत्त्यावरील पिन कोड ही आता सर्वांच्या अंगवळणी पडलेली गोष्ट आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ही पद्धत देशात सुरू झाली. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी आणि संस्कृतचे व्यासंगी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्याकडे तिचे जनकत्व जाते. या क्रमांकात सहा अंक असतात. पहिला अंक विभाग दाखवितो. असे विभाग नऊ असून नववा लष्करी टपालाचा आहे. त्यामुळे पिन कोड शून्याने कधीच सुरू होत नाही. नियम एवढाच आहे. परंतु संगणकावरील अर्जप्रणाली तयार करताना हा नियम कोठे लिहावयाचा, या प्रश्नाकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही.

समजा, एका प्रणालीत रहिवासी दाखला, नळजोडणी आणि शिष्यवृत्ती असे तीन अर्ज आहेत व ते तीन निरनिराळ्या व्यक्तींनी तयार केले आहेत. एकाने पिन कोडमधील तीन अंकांनंतरची मोकळी जागा चालवून घेतली. दुसऱ्याने ती नाकारली. तिसऱ्याने 'सहा अंक असावेत' एवढीच अट घातली. साताऱ्याच्या अर्जदाराने देवनागरीत ४१५००१ असे लिहिले आणि अर्ज निर्वेधपणे स्वीकारला गेला. पुढे कार्यालयात इंग्रजी अंकांनी शोध घेतला, तेव्हा ती नोंद सापडली नाही. अर्जदाराच्या हाती पोच आहे आणि कार्यालयाच्या दृष्टीने अर्जच नाही, अशी स्थिती झाली.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. संगणक प्रत्येक अक्षर एका क्रमांकाने ओळखतो. युनिकोड या संकेतप्रणालीत इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८ आहे, तर देवनागरी शून्याचा २४०६. आपल्या डोळ्यांना दोन्ही चार एकच वाटतात. यंत्राला ती दोन परकी चिन्हे आहेत. त्यातही गंमत अशी, की पायथन या संगणकीय भाषेत 'कोणताही अंक' दर्शविणारी जी खूण वापरतात, ती देवनागरी अंकही मान्य करते. म्हणून तपासणीत अर्ज उत्तीर्ण होतो आणि शोधात मात्र हरवतो. अर्जदाराने मराठीत अंक लिहिले यात त्याची काहीच चूक नाही. हे अंतर प्रणालीनेच भरून काढावयास हवे.

पायथन भाषेतील अनेक संकेतस्थळे जँगो या फ्रेमवर्कवर उभी आहेत. फ्रेमवर्क म्हणजे तयार सांगाडा. अर्ज दाखविणे, माहिती तपासणे, ती साठविणे ही नेहमीची कामे त्यात आधीच बांधलेली असतात. जँगोचा जन्म एका वृत्तपत्राच्या कार्यालयात झाला. अमेरिकेतील कॅन्सास राज्यातील लॉरेन्स या गावी २००३ मध्ये एड्रियन होलोव्हाटी व सायमन विलिसन यांनी बातम्यांच्या संकेतस्थळांसाठी तो रचला आणि २००५ च्या जुलैमध्ये तो सर्वांना खुला झाला. अशा सांगाड्यात आपल्या पिन कोडची सोय मुळात असणार नाही, हे उघड आहे. मग काही उत्साही मंडळी जँगोच्या मूळ फायलीच उघडून त्यांत बदल करतात. हे कटाक्षाने टाळावे. सुरक्षेसाठी नवी आवृत्ती बसविली, की जुन्या फायली बदलल्या जातात आणि त्यांतील आपला बदलही नाहीसा होतो.

योग्य मार्ग वारशाचा आहे. जँगोत माहितीच्या प्रत्येक प्रकारासाठी एक 'क्लास' म्हणजे वर्ग असतो. (शिक्षकबंधूंनी येथे बाके आणि फळा डोळ्यांपुढे आणू नयेत, हा वर्ग म्हणजे समान गुणांच्या वस्तूंचा साचा.) मजकुराच्या चौकटीचा जो वर्ग आहे, त्याचा वारस म्हणून आपण 'पिन कोड चौकट' हा नवा वर्ग लिहावयाचा. वारसाला पूर्वजाचे सर्व गुण आपोआप मिळतात. जेथे वेगळेपण हवे तेवढेच लिहावे लागते.

जँगोची अर्जातील चौकट आपले काम ठराविक क्रमाने करते. प्रथम आलेला मजकूर योग्य रूपात आणणे, नंतर चौकट रिकामी तर नाही ना हे पाहणे आणि शेवटी नियमांशी ताडणे. पहिली पायरी आपण बदलावयाची. तेथे आधी पूर्वज वर्गाला त्याचे काम करू द्यावे, मग मधली मोकळी जागा काढावी आणि देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक करावेत. दोन्ही मालिका सलग असल्याने प्रत्येक देवनागरी अंकाच्या क्रमांकातून २३५८ वजा केले की काम होते. शेवटच्या पायरीत नियम द्यावा : पहिला अंक एक ते नऊ, पुढील पाच शून्य ते नऊ. चुकीचा संदेशही येथेच, स्वच्छ मराठीत लिहावा. यापुढे तिन्ही अर्जांत या वर्गाचे नाव तेवढे घ्यावयाचे.

तथापि एवढ्याने भागत नाही. ही तपासणी अर्जावाटे येणाऱ्या माहितीचीच होते. जिल्ह्याहून आलेल्या तक्त्यातील हजार नोंदी आज्ञावलीने थेट भरल्या, तर अर्जाची चौकट मध्ये येतच नाही. आणि नोंद जतन करताना जँगो स्वतःहून नियमांची तपासणी करीत नाही. म्हणून दुसरा वर्ग साठवणुकीच्या पातळीवर लिहावा लागतो. तेथे माहिती कोठारात जाण्यापूर्वी तिला अंतिम रूप देणारी एक पायरी असते. अंकांचे रूपांतर तेथे केले, की ते साठविताना होते आणि तंतोतंत जुळणी शोधतानाही होते. कारकुनाने कोणत्याही अंकांत शोध घेतला तरी एकच नोंद मिळते. साठवणुकीच्या वर्गालाच 'अर्जात आमची पिन कोड चौकट वापर' असे सांगून ठेवता येते. मग नवा अर्ज करणाऱ्याला नियम ठाऊक नसला तरी चालतो.

निरनिराळ्या देशांचे असे वर्ग एकत्र केलेला 'लोकलफ्लेवर' नावाचा संच जँगोसाठी उपलब्ध असून त्यात भारतीय पिन कोडचाही वर्ग आहे. स्वतः लिहिण्यापूर्वी तो अवश्य पाहावा. त्याचाच वारस करणे कित्येकदा सोयीचे ठरते.

एक धोका मात्र आधीच लक्षात घ्यावा. नवा वर्ग लागू झाल्यावर प्रत्येक शोध इंग्रजी अंकांनीच होऊ लागतो. कोठारात पूर्वी देवनागरीत पडलेल्या नोंदी निदान देवनागरीत शोधल्यावर तरी सापडत होत्या. आता त्या कशानेच सापडणार नाहीत. यासाठी जुन्या नोंदींचे रूपांतर त्याच दिवशी, त्याच कामाचा भाग म्हणून करावे. आधी प्रत काढून ठेवावी आणि रूपांतरापूर्वीची व नंतरची नोंदसंख्या ताडून पाहावी. ज्या नोंदींत पाचच अंक आहेत किंवा अंकांच्या जागी गावाचे नाव आहे, त्या यंत्राने अंदाजाने दुरुस्त करू नयेत. त्यांची वेगळी यादी काढून ती मूळ कागदी अर्जांशी ताडण्यासाठी संबंधित कार्यालयाकडे द्यावी.