उकिरड्यावरचा अनोळखी वेल

वाचावयाचा भाग: 2 राजे 4:38–41



दुष्काळाचे दिवस होते. अलीशा संदेष्टा गिलगाल येथे आला व शिष्यांकरिता मोठे भांडे चुलीवर ठेवण्यास त्याने सांगितले. एक जण भाजी शोधावयास रानात गेला. त्यास एक रानवेल आढळला. त्याची फळे त्याने ओटीभर आणिली व चिरून भांड्यात टाकिली. ती कसली आहेत हे कोणासच ठाऊक नव्हते. खावयास बसल्यावर मात्र ह्या अन्नात मृत्यू आहे असे सर्वांच्या ध्यानात आले. ते फळ कडू इंद्रावणाचे असावे असे पुष्कळ अभ्यासकांचे मत आहे. इंद्रावण हे भोपळ्याच्याच कुळातील असून आपल्या देशाच्या कोरड्या भागांतही उगवते.

त्या मनुष्याचा हेतू वाईट नव्हता. उणीव होती ती ओळखीची. मृगाचा पाऊस पडला की आपल्या वाशीम जिल्ह्यातील खेड्यांतही उकिरड्यावर व न्हाणीच्या पाण्यावर कोणी न लाविलेले वेल उगवतात. चिरताना टाकिलेल्या किंवा शेणखताबरोबर आलेल्या बिया तेथे जीव धरितात. "देवाने दिले, राहू द्या," असे आपण म्हणतो, व ते योग्यच आहे. परंतु काय दिले हे ओळखण्याचे काम आपले आहे.

रोप दोन दळांवर असता ह्या कुळातील बहुतेक रोपे सारखीच दिसतात. म्हणून उपटण्याची घाई करू नये. खरी पाने व पहिले फूल येऊ द्यावे. मग पुढील खुणा पाहाव्या.

तांबडा भोपळा, ज्यास कोणी डांगर व कोणी गंगाफळ म्हणतात, त्याची पाने मोठी असून पुष्कळदा त्यांवर पांढुरके ठिपके असतात. फूल मोठे व पिवळे. ते पहाटे उमलते व ऊन चढताच मिटते. दुधीचे पान मऊ, मखमलीसारखे. देठ पानास मिळतो तेथे दोन बारीक गाठी असतात. फूल पांढरे असून सायंकाळी उमलते. दोडक्याचे पिवळे फूलही सायंकाळचे. परंतु गिलक्याचे, म्हणजे घोसाळ्याचे, सकाळी उमलते. काकडीचे पान खरखरीत व फूल लहान. तिचा तणावा एकेरी असतो, भोपळ्याच्या तणाव्यास फाटे फुटतात. कारल्याचे पान खोल कातरलेले असते. पहिली फुले गळाली तर खिन्न होऊ नये; ती बहुधा नर फुले असतात. ज्या फुलाच्या तळाशी इवलेसे फळ दिसते तेच मादी फूल होय.

इतके पाहिल्यावर वेलाचे नाव कळते. फळाचा गुण मात्र कळत नाही. ह्याचे कारण असे: दुधीचा तांबड्या भोपळ्याशी संकर होत नाही, परंतु दुधीच्या एका वाणाचा दुसऱ्याशी होतो. बैराग्याचा तुंबा व सतारीचा भोपळा हेही दुधीच्याच जातीचे आहेत, आणि त्यांत कडू वाण असतात. मधमाशीने कडू वाणाचा पराग गोड दुधीच्या फुलावर आणिला, तर त्या वर्षीचे फळ गोडच राहते. फरक पडतो तो बीजात. तेच बी उकिरड्यावर पडून पुढल्या वर्षी उगवते.

काही वर्षांपूर्वी माझ्याच परसात असा वेल आला. पान, फूल, सर्व खुणा दुधीच्या. फळही तसेच लांबट व कोवळे. पत्नीने चिरण्यापूर्वी लहानसा तुकडा जिभेस लाविला व लगेच थुंकिला. शेजारची म्हातारी म्हणाली, "पाळकीणबाई, दोन खडे गूळ टाका न! एवढं मोठं फळ काहून फेकता?" खरे सांगतो, मलाही ते टाकवेना, त्या आठवड्यात घरात दुसरी भाजी नव्हती. तरी आम्ही फळ खोल पुरिले व वेल उपटिला. दुधीच्या कडूपणाच्या मुळाशी कुकुर्बिटासिन नावाचे विष असते. ते शिजविल्याने जात नाही, गुळाने केवळ झाकले जाते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीचा ह्याविषयीचा अहवाल 2012 साली प्रसिद्ध झाला. कडू दुधीचा रस मुळीच घेऊ नये, आधी तुकडा चाखून पाहावा, असे तीत सांगितले आहे. ह्या विषावर उतारा नाही. खाल्ल्यावर पोटात कळा, वांती, जुलाब किंवा रक्त पडणे असे काही झाले तर घरगुती औषधात वेळ न दवडता रोग्यास तत्काळ इस्पितळात न्यावे.

कारल्याचा कडूपणा हा त्याचा स्वभाव होय. दुधी, काकडी, दोडका व भोपळा ह्यांचा कडूपणा ही धोक्याची खूण होय. झाड फळावरून ओळखावे असे आपणांस शिकविले आहे. येथे फळाचे रूपही पुरत नाही. चव पाहावी लागते.

कोणी म्हणेल, अलीशाने भांड्यात पीठ टाकिले व अन्न निर्दोष झाले. आपणही तसे करावे. बंधूंनो, ते देवाचे अद्भुत कृत्य होते, स्वयंपाकाची कृती नव्हे. ज्या देवाने तेथे पीठ पाठविले त्यानेच आपणांस जीभ दिली आहे. तिचा इशारा टाळून चमत्काराची वाट पाहणे हा विश्वास नव्हे, ती देवाची परीक्षा होय. गरिबाच्या घरी फळ टाकणे जड जाते, हे मी जाणतो; परंतु भाजीवाचून एक रात्र काढिता येते.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

1. रानात गेलेल्या शिष्याची चूक कोणती? त्याचा हेतू कसा होता?
2. दुधी व तांबडा भोपळा फुलावरून कसे ओळखाल?
3. गोड दुधीच्या बियांपासून कडू दुधी कसा येतो?
4. कडू दुधीत गूळ टाकण्यास सांगणाऱ्या शेजारणीस तुम्ही प्रेमाने काय उत्तर द्याल?