फॅशन इलस्ट्रेशनमधून कमाई करायची आहे? मग आधी समोरचं माणूस काढायला शिका

"ताई, माझं ड्रॉइंग चांगलं आहे, फॅशन स्केचिंगमधून धंदा होईल का?" हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी विचारतंच. होईल. पण मी केलेली चूक तुम्ही करू नका.

बुटीक सुरू करून तीन वर्षं झाली होती. एक मुलगी साखरपुड्याचा लेहंगा करायला आली. मी इंटरनेटवर बघून शिकलेली ती उंच, बारीक कमरेची आकृती काढली आणि घेरावर तीन बॉर्डर दाखवल्या. ती खूश झाली, लगेच ॲडव्हान्स दिला. ट्रायलला मात्र आरशासमोर गप्प उभी राहिली. तिची उंची जेमतेम पाच फूट. चित्रातल्या लांब पायांवर सुटसुटीत दिसणाऱ्या बॉर्डर तिच्या अंगावर एकमेकींना खेटल्या होत्या. "ताई, चित्रात असं नव्हतं ना," एवढंच म्हणाली. तिचं बरोबर होतं. घेर मी माझ्या खर्चाने पुन्हा केला. त्या ऑर्डरमध्ये नफा सोडाच, खिशातून पैसे गेले. बीबीएला कॉस्टिंग शिकले होते, पण स्केच म्हणजे गिऱ्हाइकाला दिलेला शब्द असतो, हे त्या दिवशी कळलं.

चूक नेमकी कुठे झाली?

मोठ्या माणसाची उंची साधारण साडेसात डोक्यांएवढी असते. म्हणजे डोक्याची लांबी साडेसात वेळा खाली मोजली की पाय येतात. फॅशन आकृती मात्र नऊ डोक्यांची काढतात आणि वाढवलेली बरीचशी लांबी पायांत टाकतात. मासिकासाठी ते ठीक. पण ज्या गिऱ्हाइकाला तो कपडा घालायचाय, तिच्यासाठी ते खोटं आश्वासन होतं.

मोठे लोक काय करायचे?

अँटोनिओ लोपेझ हे फॅशन इलस्ट्रेशनमधलं मोठं नाव. जन्म १९४३, पोर्तो रिको. लहानपण न्यूयॉर्कमध्ये, आई कपडे शिवायची. मासिकांतली बरीच कामं फोटोग्राफरकडे गेली होती, त्या काळात त्याने 'न्यूयॉर्क टाइम्स' आणि 'व्होग'साठी चित्रं काढली. जोडीदार होता हुआन रामोस. लोपेझ जिवंत मॉडेल समोर उभी करून काढायचा. ग्रेस जोन्स, जेरी हॉल, पॅट क्लीव्हलँड यांची त्याने काढलेली चित्रं प्रसिद्ध आहेत. आकृती तोही ताणायचा, पण आधी समोरचं माणूस नीट बघून. १९८७ मध्ये तो गेला, तरी त्याची चित्रं आजही अभ्यासली जातात.

सराव कसा करायचा?

१. एसटी स्टँड, भाजी मंडई, घरचा ओटा, कुठेही बसा. १० स्केच ३० सेकंदांची, ५ स्केच २ मिनिटांची, १ स्केच १० मिनिटांचं. रोज.

२. चेहऱ्यापासून सुरुवात नको. आधी डोकं ते पाय एक रेघ, मग खांदे आणि कंबर कुठे कललीत ते बघा. एका पायावर भार दिला की त्या बाजूची कंबर वर जाते आणि खांदा खाली येतो. गळ्याची खाच साधारण त्याच पावलाच्या वर येते. हे चुकलं की आकृती पडतेय असं वाटतं.

३. कपडा कशावर टेकलाय ते शोधा: खांदा, कोपर, कंबर, गुडघा. चुण्या तिथूनच निघतात. कडक सुती साडी आणि जॉर्जेट एकाच रेषेत काढू नका.

४. जवळून काढणार असाल तर विचारा. जाहिरातीत कुणाचा चेहरा वापरायचा तर परवानगी हवीच.

पैसे कसे लावायचे?

बुटीकचं स्केच गिऱ्हाइकाच्या मापावर काढा आणि त्याचे वेगळे पैसे सांगा. ऑर्डर दिली तर बिलात वळते करा.

लग्नात किंवा शोरूमच्या उद्घाटनाला पाहुण्यांची लाइव्ह स्केचेस हे दुसरं काम. उदाहरण घ्या. तीन तास म्हणजे १८० मिनिटं. एका स्केचला १० मिनिटं धरली तर कागदावर १८ होतात. पण माणसं बदलतात, पाणी प्यावं लागतं, म्हणून १५ मिनिटं धरा: १२ स्केच. तुमची मजुरी ₹६,०००, कागद-रंग-प्रवास ₹१,२००, एकूण ₹७,२००. म्हणजे स्केचमागे ₹६०० पडले. तरीही कोटेशन तासावर द्या, नगावर नको. पाहुणे उशिरा आले तर नुकसान तुमचं का? आणि अर्धे पैसे आधी घ्या.

आजचा गृहपाठ

घरातल्या कुणालातरी पाच मिनिटं उभं करा. आई, वहिनी, आजोबा, कुणीही चालेल. डोकी मोजा, आहे तसं काढा, खाली वेळ लिहा. अशी २० स्केच झाली की मगच व्हिजिटिंग कार्ड छापा.

ती मुलगी पुढे लग्नाचा शालू घेऊन परत आली, ब्लाउज शिवायला. त्या वेळी मी तिला समोर उभं करूनच स्केच काढलं.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. वही-पेन्सिल घेऊन बसा!