स्वस्तात गाडी खाली करताना

गाडी खाली करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे स्प्रिंग कापणे. ग्राइंडर हाताशी असला की चारही चाकांचे काम एका दिवसात उरकते, गाडी रुबाबदार दिसू लागते आणि खिशालाही फारसा चटका बसत नाही. खरा खर्च सुरू होतो तो पहिल्या पावसाळ्यातल्या खड्ड्यांत.

वेटोळे कापले की स्प्रिंग आखूड होते तशी कडकही होते. कामाची पाच वेटोळी असतील आणि त्यांतले एक गेले, तर कडकपणा 25 टक्क्यांनी वाढतो. शॉकअप मात्र मूळ स्प्रिंगच्या हिशेबाने बनवलेला असतो. ही वाढीव उसळी त्याला आवरत नाही. शिवाय गाडी खाली बसल्याने त्याची दांडी आधीच आत गेलेली असते. खड्ड्यात ती बंप स्टॉपवर आपटत राहते आणि शॉकअप लवकर निकामी होतो. स्प्रिंगचे कापलेले टोक वाटीत नीट टेकत नाही, आणि चाक लोंबकळले की सैल झालेली स्प्रिंग जागाही सोडू शकते. गॅसने तापवून स्प्रिंग खाली बसवणे तर याहून धोक्याचे. पोलादाला दिलेले पाणी उतरते आणि स्प्रिंग पुढे खचते किंवा तुटते. हा प्रकार कोणत्याही कारणाने करू नये.

चाकांचे कोनही बदलतात. टायर आतल्या कडेने झिजतो आणि बाहेरून नक्षी शाबूत दिसत असल्याने ते उशिरा कळते. म्हणून अलाइनमेंटचे पैसे पहिल्याच हिशेबात धरावेत.

उंचीचे गणित सोपे आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच असतो; प्रत्यक्षात कितीतरी गतिरोधक त्याहून उंच आणि उभट असतात. रिकाम्या हॅचबॅकची जमिनीपासूनची उंची 165 मिलिमीटर धरली आणि गाडी 40 ने खाली आणली, तर 125 उरतात. चार माणसे व सामान भरले की त्यातही घट होते आणि ऑइल चेंबर घासू लागतो.

कायदाही आधीच पाहावा. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते ठामपणे मांडले. बेकायदा बदलासाठी मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. आरटीओकडे लेखी विचारणा केल्याशिवाय सुटे भाग घेऊ नयेत.

परवानगी मिळाली तरी पैसे थोडे असतील, तर ते आधी नव्या शॉकअपवर, बुशवर आणि टायरवर खर्च करावेत. जुनी, डुलणारी गाडी एवढ्यानेच वळणावर सावरते, आणि अनेकांची हौस इथेच भागते. त्यानंतर खाली करायचीच असेल, तर त्याच मॉडेलसाठी बनवलेल्या आखूड स्प्रिंगा घ्याव्यात, त्याही 25-30 मिलिमीटरपुरत्याच, आणि त्यांना साजेसे शॉकअप सोबत बसवावेत. पुढचा स्ट्रट उघडताना स्प्रिंग कॉम्प्रेसर लागतोच. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जाऊ शकतो. बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळावेत, नाहीतर रबर पिळलेले राहून फाटते. त्यानंतर अलाइनमेंट करावे, हेडलाइटचा झोत तपासावा, आणि गाडी पूर्ण भरून, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवून टायर कुठे घासतो का ते पाहावे.