विश्वास आणि शरणागती : भाचीला पत्र

बोरिवली (पूर्व), रविवार

चि. छकुलीस,



तुझा लांबलचक मेसेज वाचला. मोबाइलवर एवढं उत्तर टाइप करणं मला जमायचं नाही, म्हणून कागद घेतला.

अंधेरीच्या तुझ्या प्रार्थनागटातले पुढारी म्हणतात, नुसत्या विश्वासाने भागत नाही, पूर्ण समर्पणाशिवाय तारण नाही. आणि समर्पण म्हणजे काय, तर नोकरी बदलणं, लग्न ठरवणं, सगळं त्यांना विचारून. तसा फॉर्मही त्यांनी तुझ्यापुढे ठेवलाय. उलट ऑफिसातली मैत्रीण म्हणते, एकदा मनापासून प्रार्थना केलीस ना, मग झालं. पुढे कशीही वाग. यातलं खरं कुणाचं, असं तू विचारतेस.

माझं म्हणणं आधीच सांगते. शरण जाणं विश्वासातच येतं, ती तारणाची वेगळी फी नव्हे. आणि ते ख्रिस्ताला शरण जाणं आहे, गटाच्या पुढाऱ्याला नव्हे.

हा वाद काही अंधेरीत सुरू झालेला नाही. अमेरिकेत जॉन मॅकआर्थर यांनी १९८८ साली पुस्तक लिहून ठासून मांडलं की येशूला प्रभू न मानणारा विश्वास हा विश्वासच नव्हे. पुढच्याच वर्षी झेन हॉजेस यांनी उत्तर दिलं की अशाने फुकट मिळालेल्या कृपेला अटी लागतात. दोघांच्याही हातात बायबलच होतं. तेव्हा तू गोंधळलीस यात नवल नाही.

प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्याय काढ. फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी घाबराघुबरा होऊन विचारतो, तारणासाठी काय करू? पौल आणि सीला त्याला प्रभू येशूवर विश्वास ठेवायला सांगतात, बाकी काही नाही. फॉर्म नाही, मुदत नाही. पण त्याच रात्री तो काय करतो ते बघ. ज्यांचे पाय त्याने खोड्यात अडकवले होते त्यांच्याच जखमा तो धुतो, त्यांना घरी नेऊन जेवू घालतो. हे त्याला कुणी फर्मावलेलं नव्हतं.

आता वधस्तंभावरचा चोर घे. त्याला सेवा करायला हात मोकळे नव्हते आणि आयुष्यही उरलेलं नव्हतं. तुझ्या पुढाऱ्यांच्या हिशेबाने तो नापासच. पण तू राज्यात येशील तेव्हा माझी आठवण कर, असं तो येशूला विनवतो. शेजारी मरणाऱ्या माणसाला त्याने राजा मानलं. शरणागती याहून वेगळी काय असते? आणि मैत्रिणीला याकोबाचं पत्र दाखव. देव एकच आहे हे भुतांनाही ठाऊक आहे आणि ती थरथरतात, असं तो लिहितो. गाडी चर्चगेटला जाते यावर माझा कितीही विश्वास असला, तरी बोरिवलीच्या फलाटावर उभी राहून मी तिथे पोचत नाही. आणि गाडीत चढले म्हणून ती मी ओढली, असंही होत नाही.

या बाबतीत पंडिता रमाबाई समजून घे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेरल्डिन यांना वाटे, आता हिने चर्चच्या वडीलधाऱ्यांचं मुकाट्याने ऐकावं. रमाबाईंनी साफ कळवलं की भारतातल्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टाने उतरवलंय, आता दुसरं मानेवर घेणार नाही. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, विल्यम हॅस्लम या पाद्र्याचं आत्मवृत्त वाचून, त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त अजून मिळालेला नाही. मग त्यांनी आपल्या पुण्याईचा, विद्वत्तेचा हिशेब सोडून दिला. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायका आणून केडगावला सांभाळल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून मराठी बायबल केलं, आणि १९२२ साली देह ठेवीपर्यंत त्याच कामात राहिल्या. बिशपांपुढे न झुकलेली ही बाई ख्रिस्तापुढे पुरती झुकली होती. तिला हट्टी म्हणणाऱ्यांना हे दोन्ही एकत्र दिसलंच नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचंही तसंच. बाप्तिस्मा १८९५ चा, आणि मिशनचा पगार सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला तो १९१७ साली. मधली बावीस वर्षं ते तारणाबाहेर होते असं कोण म्हणेल? आज्ञाधारकपणा असा वाढत जातो. जिथे तो कधी उगवतच नाही तिथे मात्र मुळाशी काही आहे का, हे आपलं आपण तपासावं. दुसऱ्याचं तपासायला जाऊ नये.

तेव्हा त्या फॉर्मवर सही करू नकोस. वडीलधाऱ्यांचा सल्ला जरूर घे, आपल्या पाळकसाहेबांनाही विचार. पण तुझ्या लग्नाची नि नोकरीची किल्ली कुणाच्या हातात देऊ नकोस. कुणी त्यावरून तुझं तारण काढून घ्यायची धमकी दिली, तर ते देणं त्यांच्या हातात कधीच नव्हतं हे लक्षात ठेव.

आणि एक, रागावू नकोस. आईच्या दागिन्यांवरून मुलुंडच्या दादाशी तू अबोला धरलायस, त्याला आता वर्ष होत आलं. दर रविवारी प्रभूची प्रार्थना म्हणताना 'क्षमा'पाशी अडखळतेस, हे तूच मला सांगितलंस. समर्पण कुठून सुरू करू असा प्रश्न असेल, तर मला तरी दुसरी जागा दिसत नाही. त्याची चूक किती, तुझी किती, ते नंतर बघता येईल. त्याला आज फोन कर आणि येत्या शनिवारी जाऊन ये. तारण मिळवायला म्हणून जाऊ नकोस. ते मिळालंय म्हणून जा.

तुझी,
आत्या