रात्री दात खाणाऱ्या भाच्यास

चि. निखिल,

ताई सांगत होती, रूमवरची मुलं तुला 'खडीची गिरणी' म्हणतात आणि तिने तुला जंतांचं औषध धाडलंय. ते घेऊ नकोस. जंतांमुळे माणूस दात खातो, हा समज घरोघरी आहे, पण त्याला आधार नाही. लहान मुलं रात्री दात खातात आणि जंतही त्यांनाच जास्त होतात. तेवढ्यावरून जोडी जमली असावी.

आरशासमोर उभा राहून सुळे बघ. टोकं बोथट होऊन सपाट झाली असतील, तर हे जुनं दुखणं आहे. एनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, पण एकदा झिजला की परत येत नाही. म्हणून आधी दात वाचवायचे, कारणं मागाहून शोधायची. डेंटिस्टला माप देऊन रात्री दातांवर चढवायचं नाइट गार्ड करून घे. गार्डने दात खाणं थांबेलच असं नाही. झीज मात्र दातांऐवजी गार्डची होते. ऑनलाइन मिळणारी मऊ गार्डं मला पसंत नाहीत, काहीजण ती रात्रभर चघळत बसतात. गार्ड गार पाण्यानेच धुवायचं, गरम पाण्याने त्याचा आकार बिघडतो.

झोपेत आपला ताबा चालत नाही, तेव्हा 'आज दात खायचे नाहीत' असं घोकून झोपू नकोस. ताबा दिवसा चालतो. जेवणं आणि गिळणं सोडलं, तर वरच्या-खालच्या दातांना एकमेकांना टेकायचं कारणच नाही. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वरच्या पुढच्या दातांमागे टाळूला, ही जबड्याची विश्रांती. तू गणितं सोडवताना जबडा आवळतोस, हे मी गणपतीत पाहिलंय. टेबलावर 'दात सुटे' अशी चिठ्ठी लाव. सकाळी गाल ठणकत असतील तर कोमट पाण्याचा शेक घे.

रात्री जागण्यासाठी ढोसतोस तो चहा संध्याकाळनंतर बंद. सिगारेटबद्दल ताईला कळवणार नाही, पण सिगारेटनेही दात खाणं वाढतं. अभ्यासाच्या ताणाचं तर सांगायलाच नको. आणि रूमवरच्या मुलांना विचार, तू मोठ्याने घोरतोस का, मध्येच श्वास अडकतो का. तसं असेल तर डेंटिस्टवर न थांबता फिजिशियनला दाखव.

दिवाळीला येताना गार्ड बरोबर आण. त्यावर खुणा कुठे उमटल्यात ते मला बघायचंय.

तुझी,
मावशी